सगळं केलं, पण मन मारून केलं. ह्याला चांगुलपणा म्हणायचं का?

थोरला यांनी विचारलंय:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

बाबांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. त्यानंतर अडीच वर्षं ते अंथरुणावर होते आणि त्यांचं सगळं मी केलं. सगळं म्हणजे डायपर, अंघोळ, नळीतून भरवणं, रात्री अलार्म लावून दर दोन तासांनी कूस बदलणं, कारण माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की पाठीला आणि टाचांना जखमा होतात आणि त्या एकदा झाल्या की भरता भरत नाहीत. एकही दिवस चुकवला नाही. चार महिन्यांपूर्वी ते गेले. भेटायला आलेला जो तो मला श्रावणबाळ म्हणायचा आणि तो शब्द कानावर पडला की मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

कारण आतली गोष्ट मला माहितीय. मी ते प्रेमाने केलं नाही. बाबांचं आणि माझं लहानपणापासून कधी जमलं नव्हतं, फार कडक होते ते, त्यांच्या पावलांचा आवाज आला तरी मी वही उघडून बसायचो. मी केलं ते करायलाच पाहिजे म्हणून, मन मारून. कित्येक रात्री अलार्म वाजल्यावर पहिला विचार हाच यायचा की हे कधी संपणार, लगेच त्या विचाराची लाज वाटायची आणि मग उठायचं.

माझी धाकटी बहीण वर्षातून तीन-चार वेळा आठ-आठ दिवस यायची. तिचं सगळंच वेगळं. बाबांशी गप्पा मारत, हसत, गुणगुणत करायची, तेच डायपर आणि तीच नळी. ती खोलीत आली की बाबांचा चेहरा उजळायचा, मी गेलो की नुसता स्थिर. काम मात्र माझंच जास्त नीट असायचं हेही खरं आहे, अडीच वर्षांत एक जखम होऊ दिली नाही.

तर विचारायचं असं आहे की कृती चांगली झाली की पुरे का, की ती ज्या मनातून येते ते मनही चांगलं असावं लागतं? आमच्या दोघांत चांगलं माणूस कोण, जिला सहज जमतं ती की ज्याला रोज स्वतःशी भांडून करावं लागतं तो? आणि अजून एक, लोक म्हणतात सद्गुणाने आयुष्य चांगलं होतं. माझं तर प्रमोशन गेलं, तब्येत गेली, मित्र सुटले. मग चांगलं वागणं आणि चांगलं जगणं ह्यांचा एकमेकांशी नक्की काय संबंध आहे?

कृपया सांत्वन करू नका. खरं काय वाटतं ते लिहा.

---

सरळरेघ:

सांत्वन नको म्हणालात म्हणून थेट मुद्द्यावर येतो. तुमच्यासारखंच एक उदाहरण इमॅन्युएल कान्ट ह्या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली घेतलंय. एक परोपकारी माणूस आहे, त्याला लोकांना मदत करण्यात मनापासून आनंद वाटतो. कान्ट म्हणतो छान आहे, त्याचं कौतुक करा, उत्तेजन द्या, पण नैतिक मोल म्हणून जे काही वेगळं असतं ते ह्यात नाही, कारण आवडतं म्हणून करणारा उद्या आवड आटली की थांबू शकतो. मग त्याच माणसावर स्वतःचं काही दुःख कोसळतं, दुसऱ्याचं काही बघून त्याच्या मनात काही हलेनासं होतं, आणि तरीही तो त्या बधिरपणातून स्वतःला ओढून बाहेर काढतो आणि मदत करतो, का तर ते कर्तव्य आहे म्हणून. कान्टच्या मते खरं मोल इथे सुरू होतं.

म्हणजे त्याच्या हिशोबाने अलार्म वाजल्यावर "कधी संपणार" वाटूनही जो उठतो त्याच्या उठण्याला मोल आहे, आणि ते मोल तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही, तुम्ही स्वतःही नाही.

फक्त एक गोष्ट, लोक कान्टला इथेच सोडून देतात आणि मग तो कोरडा माणूस वाटतो. १७९७ साली त्याने जे लिहिलं त्यात सद्गुणावर भरपूर आहे. तिथे सद्गुण म्हणजे इच्छेचं बळ, स्वतःच्याच ओढी आडव्या आल्या तरी कर्तव्याला धरून राहण्याची ताकद. आणि तिथेच तो असंही म्हणतो की दुसऱ्याच्या दुःखाने आपल्याला काहीतरी वाटावं हे वळण लावून घेणंसुद्धा आपलं कर्तव्य आहे, म्हणून आजाऱ्यांच्या खोल्या टाळू नका. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलो होतो, कारण कान्ट चक्क आजाऱ्याच्या खोलीबद्दल बोलतोय. तुम्ही त्या खोलीत अडीच वर्षं होतात. तिथे राहून तुमच्यात काहीच बदललं नाही असं मला तरी वाटत नाही, पण ते तुम्हीच सांगू शकता.

---

पिंपळपान:

सरळरेघ यांनी कान्ट चांगला मांडलाय पण मला ते अर्धवट वाटतं, आणि थोरला, तुम्हालाही वाटत असणार, नाहीतर श्रावणबाळ शब्द एवढा टोचला नसता. काम झालं, कर्तव्य झालं, तरी काहीतरी राहिलं हे तुमच्या मनाला कळलंय आणि ते कळणं चूक नाही.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल (इ.स.पू. ३८४ ते ३२२) ह्या बाबतीत सरळ उलट बोलतो. तो माणसांची एक उतरंड लावतो. सगळ्यात खाली ज्याला वाईटच चांगलं वाटतं तो. त्याच्या वर तो, ज्याला आपण मराठीत म्हणतो कळतं पण वळत नाही. त्याच्या वर जो मन मारून का होईना पण बरोबर तेच करतो, म्हणजे तुम्ही स्वतःला जिथे ठेवताय ती जागा. आणि सगळ्यात वर तो, ज्याचं मनच तसं वळलेलं असतं, त्याला बरोबर ते करताना आतून भांडण होत नाही. तो तर म्हणतो की माणसाला कशात आनंद होतो आणि कशाचा त्रास होतो ह्यावरून त्याचं वळण ओळखता येतं. नुसतं बरोबर काम केलं म्हणजे सद्गुण झाला असं तो मानत नाही, ते जाणून केलेलं पाहिजे, त्या कामासाठीच निवडलेलं पाहिजे, आणि स्थिर, न डगमगणाऱ्या स्वभावातून आलेलं पाहिजे.

आता ह्यावरून बहीण वर आणि तुम्ही खाली असं लगेच ठरवू नका, कारण दोन गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे ते वळण येतं कुठून. घरं बांधून बांधूनच गवंडी तयार होतो, वाद्य वाजवून वाजवूनच वादक होतो, तसं धीराची कामं करून माणूस धीराचा होतो हे त्याचंच म्हणणं आहे. म्हणजे सुरुवातीला प्रत्येकजण मन मारूनच करणार, वेगळा रस्ताच नाही. ग्रीकमध्ये नीतीचा शब्द आणि सवयीचा शब्द अगदी जवळचे आहेत आणि त्याने ते मुद्दाम दाखवून दिलंय. मला आपला "वळण" शब्द त्याहूनही आवडतो, अक्षराला वळण, हाताला वळण, मुलांना वळण, सगळीकडे तोच. अक्षराला वळण लागताना बोटं दुखतातच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ॲरिस्टॉटलच पुढे धैर्याबद्दल बोलताना कबूल करतो की सगळ्याच सद्गुणांत करताना आनंद मिळेल असं नाही. तो मुष्टियोद्ध्याचं उदाहरण देतो, शेवटी मिळणारा मान गोड असतो पण ठोसे बसताना दुखतंच, हाडामांसाचा माणूस आहे तो. म्हणजे दुखलं ह्याचा अर्थ वळण नाही असा होत नाही. मग कुठलं दुखणं चालतं आणि कुठलं चालत नाही? फिलिपा फूट नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी ह्याचं फार नेमकं उत्तर दिलंय. चोरी न करणं दोन माणसांना कठीण जातं. एकाला कठीण जातं कारण तो गरीब आहे, दुसऱ्याला कठीण जातं कारण त्याच्या मनातच चोरीची ओढ आहे. पहिल्याची अडचण परिस्थितीतून येते, तिथे प्रामाणिकपणा जास्त लागतो आणि तो टिकवला तर तो जास्त मोठा. दुसऱ्याची अडचण स्वभावातून येते, ती प्रामाणिकपणाची कमतरता दाखवते. दोघंही "कठीण गेलं" असंच म्हणणार, पण ते कठीण एकच नाही.

तुमच्याकडे बघा. झोप नाही, सुट्टी नाही, आणि ज्याचं करायचं त्या माणसाच्या पावलांची लहानपणी भीती वाटायची. ही सगळी तुमच्या स्वभावातली खोट आहे का? मला नाही वाटत. ही परिस्थिती आहे, त्यातली निम्मी तर बाबांनीच तयार केलेली. थोडं काहीतरी स्वभावातलंही असेल, तुम्हीच ते शोधताय म्हणजे असेल, पण सगळं एका खात्यावर टाकू नका.

---

सोनचाफा:

मी ह्या चर्चेत एक वेगळं सांगते आणि जरा तिडकीने सांगते कारण मी दहा वर्षं सासूबाईंचं केलंय.

"सोशिक" हा शब्द कुणाला लावतात ते बघा. ज्याला नाही म्हणायची सोय नाही त्यालाच लावतात. मला सगळे सोशिक म्हणायचे आणि ते म्हणून आपापल्या घरी जायचे. थोरला, तुम्हाला श्रावणबाळ म्हणणाऱ्यांपैकी एका रात्रीपुरतं तरी कोण येऊन झोपलं होतं? सद्गुणाचं कौतुक हे कितीदा तरी मदत न करण्याचं साधन असतं आणि मला ते कौतुक आता सहन होत नाही.

सोसणं आणि धीर ह्यात फरक आहे. धीर ज्याच्याकडे आहे तो कधी थांबायचं, कधी हाक मारायची, कधी "आता तुम्ही करा" म्हणायचं हेही जाणतो. नुसतं सोसत राहणाऱ्याला ते जमत नाही, तो मोडतो आणि मोडताना ज्याचं करतोय त्याच्यावरच चिडतो. मी चिडले आहे. सासूबाईंवर आवाज चढवला आहे, त्यांचा काही दोष नसताना. तेव्हा मला वाटायचं माझ्यात प्रेम कमी आहे. आता वाटतं की मी पाचव्या वर्षीच नणंदेला आणि दिरांना बसवून वाटणी करायला हवी होती, ते केलं नाही ही माझी खरी चूक, आणि तीही चांगलं म्हणवून घ्यायच्या नादात झालेली.

पिंपळपान, ह्या कधी-किती कळण्याला तुमच्या ॲरिस्टॉटलकडे काही नाव आहे का?

---

पिंपळपान:

आहे ताई, आणि ते सगळ्यांच्या मुळाशी आहे. फ्रोनेसिस म्हणतो तो, मी त्याला मराठीत तारतम्य म्हणतो. त्याच्या मते हे नसेल तर बाकीचे सद्गुण पूर्ण होतच नाहीत. धाडस आहे पण तारतम्य नाही तर तो आततायीपणा, देणं आहे पण तारतम्य नाही तर उधळपट्टी. मध्यम मार्ग म्हणतो तो म्हणजे सगळं निम्मं निम्मं नव्हे, योग्य वेळी, योग्य माणसाशी, योग्य तेवढं आणि योग्य रीतीने. आणि ह्याचं कोष्टक नसतं, ते प्रत्येक प्रसंगात बघावं लागतं. तुम्ही जे पाचव्या वर्षी व्हायला हवं होतं म्हणताय ते हेच. स्वतःला संपवून देणं हा देण्यातला अतिरेकच धरावा लागेल.

---

तळटीप:

सगळे स्वभावावर बोलताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. १९७३ साली डार्ली आणि बॅटसन ह्या दोघांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रिन्स्टनमधले धर्मगुरू होण्यासाठी शिकणारे ४० विद्यार्थी, त्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं, वाटेत दारात एक माणूस वाकून कण्हत, खोकत बसवून ठेवला होता. काहींच्या भाषणाचा विषय तर रस्त्यावर पडलेल्या जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट हाच होता. ज्यांना उशीर झालाय असं सांगितलं होतं त्यातले १० टक्के थांबले, ज्यांना भरपूर वेळ होता त्यातले ६३ टक्के. भाषणाच्या विषयाने ठळक असा फरक पडला नाही, घाईने पडला.

असे अजूनही प्रयोग आहेत आणि त्यावरून काही तत्त्वज्ञ म्हणतात की आपण ज्याला स्वभाव म्हणतो तो फार ठिसूळ असतो, माणूस कसा वागेल हे परिस्थितीच जास्त ठरवते. मी एवढ्या टोकाला जात नाही, कारण घाई असूनही थांबलेले होतेच ना, ते १० टक्के कोण होते हे मला जास्त जाणून घ्यावंसं वाटतं. पण थोरला, तुमच्यासाठी ह्यातून एक साधी गोष्ट निघते. बहीण आठ दिवसांसाठी यायची आणि झोप पूर्ण झालेली यायची. तुम्ही नऊशे रात्री सलग झोपमोड करून तिच्याशी स्वतःची तुलना करताय. दोघांच्या मनाची तुलना करायची तर आधी दोघांच्या रात्री सारख्या करा.

आणि सोनचाफा यांनी जे लिहिलं त्यालाही हे जोडून घ्या. माणूस चांगला वागावा असं वाटत असेल तर त्याला झोप मिळेल अशी व्यवस्था करणं हेही चांगुलपणाचंच काम आहे, घरातल्या इतरांच्या.

---

सिस्टर_रात्रपाळी:

मी तत्त्वज्ञान शिकलेली नाही, नर्स आहे, सव्वीस वर्षं झाली. थोडं माझ्या कामातलं सांगते, पटलं तर घ्या.

नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली असतील, माझ्या वॉर्डात एक आजी होत्या, तुमच्या बाबांसारखीच उजवी बाजू गेलेली. मी वेळेवर औषधं दिली, कूस बदलली, चार्टवर सगळं लिहिलं, पाणी दिलं तेही लिहिलं. दुपारी एक सीनियर सिस्टर राउंडला आल्या, काही बोलल्या नाहीत, फक्त आजींच्या उजव्या हाताशी ठेवलेला ग्लास उचलून डाव्या हाताशी ठेवला. भरलेलाच होता तो. मी सकाळपासून तीनदा तिथेच ठेवत होते. आजी बघत होत्या ग्लासाकडे, मी बघत होते चार्टकडे.

त्या दिवशी मला त्या आजींबद्दल प्रेम कमी होतं म्हणून ते झालं असं नाही. मला त्यांची दयाच येत होती उलट, खूप. पण दया येणं वेगळं आणि दिसणं वेगळं. नवीन मुली येतात त्यांना मी बघते, ज्यांना पटकन रडू येतं त्यातल्या काही फार चांगल्या नर्स होतात, काही होत नाहीत, कारण त्यांचं लक्ष स्वतःच्या रडण्यावरच राहतं. आणि एखादी जरा कोरडी वाटणारी मुलगी कूस बदलायच्या आधी चादरीवरून तळवा फिरवून सुरकुती काढते, अंघोळीचं पाणी आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर घेऊन बघते, आणि पेशंटला हात लावायच्या आधी सांगते, "आजोबा, आता डावीकडे वळवतेय हं." पेशंटला कळत असो नसो. ही मुलगी मला चांगली वाटते. तिच्या मनात त्या वेळी काय चाललंय मला माहीत नाही, कदाचित तिला बस चुकायची काळजी असेल. पण तिच्या हातांत चांगुलपणा आहे, तो कुणीतरी शिकवलाय आणि तिने तो रोज करून अंगात मुरवलाय.

माया रोज वर येत नाही हो. सव्वीस वर्षं रोज कुणाला येईल. काही दिवस येते, काही दिवस नाही. ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी हे हात उपयोगी पडतात. आणि गंमत नाही सांगत, अनुभव सांगते, बरेचदा हात नीट चालले की पाठोपाठ मायाही येते.

तुम्ही दोघांत चांगलं कोण विचारलंत, ते मला सांगता येणार नाही. मी तुम्हाला हे विचारीन की तुम्ही बाबांना वळवायच्या आधी सांगत होतात का? त्यांना कुठे दुखतंय हे त्यांना बोलता येत नसताना तुम्हाला कसं कळायचं? ह्याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर तुमचा अर्धा प्रश्न सुटला. आणि अडीच वर्षं अंथरुणावर असलेल्या पेशंटला एकही जखम नाही हे नुसत्या अलार्मने होत नाही. मी खूप घरं बघितली आहेत.

---

पिंपळपान:

सिस्टर, तुमच्या ग्लासाच्या गोष्टीनंतर मला माझ्या पोस्टमध्ये भर घालायला काही नाही. फक्त थोरलांचा चांगल्या जगण्याचा प्रश्न कुणी घेतला नाही म्हणून तेवढं लिहितो.

ह्यावर जुन्या लोकांत खरंखुरं भांडण आहे. स्टोइक नावाचा प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांचा एक पंथ होता, ते म्हणायचे सद्गुण असला की पुरे, तब्येत, पैसा, पद हे असलं तर बरं पण चांगल्या आयुष्याला त्याची गरज नाही. आणि हे सुखवस्तू लोकांचं बोलणं म्हणून सोडता येत नाही, त्यांच्यातला एपिक्टेटस गुलाम म्हणून वाढला होता. ॲरिस्टॉटलला हे पटत नव्हतं. तो ग्रीक पुराणकथांतल्या ट्रॉयच्या प्रायम राजाचं नाव घेतो, म्हातारपणी मुलं गेली, राज्य गेलं, अशा माणसाला सुखी कुणी म्हणणार नाही, तो कितीही चांगला असला तरी. मला ॲरिस्टॉटल जास्त प्रामाणिक वाटतो. तुमचं प्रमोशन गेलं, मित्र सुटले, हे नुकसान आहे, खरं नुकसान आहे, ते सद्गुणाच्या नावाने पुसून टाकता येत नाही.

पण त्याच जागी तो एक चांभाराचं उदाहरण देतो. चांगला चांभार मिळालं त्या कातड्यातून होईल तेवढा उत्तम जोडा करतो. कातडं त्याने निवडलेलं नसतं. चांगलं वागलं की बदल्यात चांगलं आयुष्य मिळतं असा हा व्यवहार नाही, मिळालेल्या आयुष्यात जे चांगलं केलं तेच त्या आयुष्यातलं चांगलं जगणं, बाकीचं नशिबाकडे. ती अडीच वर्षं तुमच्या आयुष्यातून वजा झाली असं तुम्ही धरताय. ती वर्षंही तुमच्या आयुष्यातलीच आहेत, आणि त्यात तुम्ही काय केलंत ते तुम्हीच वर लिहिलंय.

---

सरळरेघ:

कान्टच्या बाजूने एवढंच की ग्लास डाव्या हाताशी ठेवायचा हे कर्तव्याच्या यादीत कुणी लिहून देऊ शकत नाही हे मला मान्य आहे. कर्तव्य ओळखायलाही नजर लागते. ह्यावर विचार करावा लागेल मला.

---

थोरला:

सगळ्यांचे आभार. तीन दिवस लागले उत्तर द्यायला कारण सिस्टरांच्या प्रश्नाने अडकवून ठेवलं.

सांगत होतो का? सुरुवातीला नाही. सहाव्या-सातव्या महिन्यातली एक रात्र आहे, मी झोपेत उठलो, चिडलेलो होतो, काही न बोलता त्यांना एका झटक्यात वळवलं. दिवा बारीक होता. त्यांनी डावा डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि मी ओळखली ती नजर. लहानपणी पावलांचा आवाज आला की मी जसा बघत असेन तशी होती ती. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्यानंतर मी सांगायला लागलो, "बाबा, वळवतोय." एवढे दोनच शब्द, जास्त काही नाही. माया वगैरे काही नव्हती त्यात, फक्त ती नजर परत नको होती. पण ते दोन शब्द शेवटपर्यंत एकदाही चुकले नाहीत.

आणि दुखणं कसं कळायचं, तर डाव्या भुवईवरून. किंचित वर जायची. बहिणीला ते दिसायचं नाही, मी तिला सांगायचो की आता उशी हलव.

सोनचाफाताई, तुमचं बरोबर आहे. कुणी एक रात्र आलं नाही, आणि मीही कुणाला ये म्हटलं नाही. म्हटलं असतं तर एक मावसभाऊ नक्की आला असता हे मला आज कळतंय. का नाही म्हटलं ह्याचं उत्तर मला फारसं आवडत नाही.

काल बहिणीला फोन केला आणि पहिल्यांदाच हे सगळं बोललो. मी म्हटलं तुला किती सहज जमायचं. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "दादा, मला माहीत असायचं की आठ दिवसांनी मी जाणार आहे. माझं हसू आठ दिवसांचं होतं रे. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं मला नाही सांगता येणार." तळटीप, तुम्ही म्हणालात तेच तिने सांगितलं. पण मला अजूनही वाटतं की तिच्यात काहीतरी आहे जे माझ्यात नाही, बाबांचा चेहरा उजळायचा तो काही आठ दिवसांच्या हिशोबाने उजळत नव्हता, आणि ते मान्य करायला आता तेवढं जड जात नाही.

मग ती एक बोलली ते लिहितो आणि थांबतो. बाबांना चालत्या हाताने काहीतरी धरून ठेवायची सवय लागली होती, रिकामा राहिला की तो हात हवेत चाचपडत राहायचा. म्हणून कूस बदलून झाली की मी चादरीचा काठ दुमडून त्यांच्या मुठीत द्यायचो, मग ते शांत व्हायचे. हे मी काम म्हणून कधी मोजलंच नव्हतं, वर लिहिलेल्या यादीतही ते नाही. बहीण म्हणाली, "त्यांच्या मुठीत नेहमी चादरीचा काठ असायचा बघ. मला वाटायचं ते आपणहून धरतात. पण मी वळवलं की ते धरायचे नाहीत, मला कळायचंच नाही का ते."

मी म्हटलं, "मी द्यायचो तो."